‘बियाणंच रोगट’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. लोक-1 गव्हाचं बियाणं रोगट निघालं, शेत गेरुआनं लाल झालं, दाणा चिपटा राहिला, शेजाऱ्याचा कठिया, म्हणजे रव्याचा कडक गहू, मात्र साफ, आणि वर दुकानदार फोन घेत नाही, असं तुम्ही लिहिलंय. फोन घेतला गेला नाही त्याची माफी मागतो. हातचं पीक जाताना बघणं काय असतं ते मला माहीत आहे, घरची थोडी शेती आमचीही आहे.

पण ‘बियाणं रोगट’ हे वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. गेरुआ, म्हणजे तांबेरा हा बुरशीचा रोग, बियाण्यातून येतच नाही. तो वाऱ्यावर येतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो तगत नाही. दक्षिणेतल्या निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांत जगतो आणि हिवाळ्यात तिकडून इकडे उडत येतो. पिकांच्या रोगांचे अभ्यासक प्रा. के. सी. मेहतांनी हे कधीच दाखवून दिलंय. 1946-47 साली काळ्या, म्हणजे खोडावरच्या तांबेऱ्यानं मध्य भारतातला गहू झोपवला, तेव्हा काय सगळ्याच दुकानदारांनी रोगट बियाणं विकलं होतं?

बियाण्यातून येते ती काणी, ज्याला इथे कंडुआ म्हणतात. तिच्यात ओंबीत दाण्याच्या जागी काळी भुकटी दिसते. तसं निघालं असतं तर मी मान खाली घातली असती. तुम्हीच टाकलेल्या फोटोत ओंब्या स्वच्छ आहेत आणि पानांवर नारिंगी-तपकिरी पुटकुळ्या विखुरल्यात. बोट फिरवलं की पूड बोटाला लागते, तोच हा पानावरचा तांबेरा.

आता वाणाचं. लोक-1 ही गुजरातच्या सणोसऱ्याची, लोकभारती संस्थेची जुनी जात. पोळी मऊ, पीक लवकर तयार, म्हणून शेतकरी सोडत नाहीत. पण तांबेऱ्यापुढे ती उभी राहत नाही. हे मी काउंटरवरच बोललो होतो. पूसा अहिल्याची बॅगही काढून दाखवली होती. आपल्या इंदूरच्याच गहू संशोधन केंद्राची जात, उशिराच्या पेरणीसाठीची, तांबेऱ्याला सहसा दाद न देणारी. अशा वाणावर रोग आला तरी पुटकुळ्या बारीक राहतात, फुटून पसरत नाहीत. तुम्ही म्हणालात, "लोक-1 च द्या, बॅगेमागे पैसेही वाचतात." गिऱ्हाइकाशी हुज्जत घालायची आमची पद्धत नाही, दिली.

आणि पेरलंत कधी? बटाटे काढून, डिसेंबर सरत असताना. उशिराच्या गव्हाचा दाणा भरायची वेळ आणि तांबेऱ्याचा जोर नेमके एकत्र येतात. ओंबीखालचं शेवटचं पान दाणा पोसतं. तेच लवकर वाळलं तर दाणा भरणार कुठून? रोग दाणा पक्का होताना आला असता तर नुकसान थोडक्यात निभावलं असतं. शेजाऱ्याचा पूसा तेजस कठिया आहे, तोही नोव्हेंबरातला. वाण वेगळा, पेरणी वेगळी, त्याच्याशी तुलना करून आमचं दुकान वाईट कसं ठरतं?

औषधाचंही सांगतो. पहिल्या पुटकुळ्या दिसताच प्रोपिकोनाझोल 25 ईसी हे बुरशीनाशक, लिटरभर पाण्याला 1 मिली, फवारलं असतं तर बरंच वाचलं असतं. तुम्ही दुकानात आलात तेव्हा ओंब्या पिवळ्या पडायला लागल्या होत्या. बाटली गळ्यात मारून पैसे घेणं मला अवघड नव्हतं, पण आता उपयोग नाही म्हणून परत पाठवलं. रिव्ह्यूत ही गोष्ट आली नाही, याचं वाईट वाटलं.

पुढच्या रब्बीत कोणत्या वाणाला कोणता रोग लागतो याचा तक्ता काउंटरपाशी लावायचा विचार आहे, फोनचंही काहीतरी बघतो. बॅगेची निळी चिठ्ठी, म्हणजे प्रमाणित बियाण्याचा टॅग, जपली असेल तर बिलासोबत घेऊन या. लॉट नंबर काढून तेच बियाणं नेलेल्या बाकीच्यांकडे समोरासमोर विचारू. स्टार एकच राहू द्या, पण ‘रोगट’ तेवढं काढा दादा. इथे इंदूरच्या छावणी भागात एका दुकानाचं नाव खराब व्हायला एवढंही पुरतं.