'चाळिशीनंतर पळू नका' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सध्या बेळगावातल्या जवळजवळ प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. गल्लीचा ग्रुप, मंडळाचा ग्रुप, शाळेच्या जुन्या बॅचचा ग्रुप, सगळीकडे तोच. वर 'एका मोठ्या डॉक्टरांचा सल्ला' असं लिहिलंय, पण डॉक्टरांचं नाव कुठेच नाही. म्हणणं थोडक्यात असं: चाळिशीनंतर पळू नये. गुडघे टायरसारखे झिजतात. पळताना हार्ट अटॅक येतो. हृदयाचे ठोके जन्मतःच मोजून मिळालेले असतात, पळून ते लवकर संपतात. बायकांनी पळालं तर गर्भाशय खाली सरकतं. पळायचंच असेल तर दर दहा मिनिटांनी भरपूर पाणी प्या. आणि शेवटी, पळणं हे परदेशी खूळ आहे, ते आपल्या मातीतलं नाही.

व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली आणि कॅम्पातल्या रस्त्यांवर सकाळी पळणाऱ्या आमच्या गटात पन्नाशीच्या पुढची बरीच माणसं आहेत. हा मेसेज आल्यापासून त्यातली काही यायची थांबली. कुणाला शुगर आहे, कुणाचं वजन आता कुठे उतरायला लागलं होतं. ज्यांना पळण्याची सर्वांत जास्त गरज आहे, नेमकी तीच माणसं घाबरून घरी बसली. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतोय.

गुडघ्यांपासून सुरुवात करू, कारण 'गुडघे जातील की वो काका' हे वाक्य आपल्याकडे पळणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेलं असतं. टायर निर्जीव असतं, वापरलं की झिजतं, त्यात दुसरं काही घडत नाही. गुडघ्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, जिवंत असते. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं. पाऊल टेकलं की ती दाबली जाते, उचललं की मोकळी होते, आणि या दाबण्या-सुटण्यातूनच तो द्रव तिच्यात आत-बाहेर खेळतो. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याच्या गुडघ्याला हेच मिळत नाही.

तपासून पाहिलेलं काय सांगतं? २०१७ साली एक लाखाहून जास्त लोकांची माहिती देणारे बरेच अभ्यास एकत्र करून मांडणी झाली. हौसेने पळणाऱ्यांत गुडघ्याचा किंवा खुब्याचा झिजेचा संधिवात साडेतीन टक्के लोकांना होता. न पळणाऱ्यांत तो दहा टक्क्यांहून थोडा जास्त होता. स्पर्धेसाठी वर्षानुवर्षं पळणाऱ्या उच्च पातळीच्या धावपटूंत मात्र तेरा टक्क्यांच्या वर गेला. हा तिसरा आकडाही सांगायलाच हवा, कारण अतिरेकाची किंमत असते. पण आठवड्यातून तीन-चार दिवस हिंडलगा रस्त्याला चार-पाच किलोमीटर पळणारा माणूस त्या तिसऱ्या गटात बसत नाही, पहिल्या गटात बसतो.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लोकांनी १९८४ पासून पन्नाशी ओलांडलेल्या पळणाऱ्या आणि न पळणाऱ्या माणसांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. त्यातल्या काहींच्या गुडघ्यांचे एक्स-रे पुन्हा पुन्हा काढले. पळणाऱ्यांचे गुडघे जास्त झिजलेले दिसले नाहीत. १९ वर्षांनी न पळणाऱ्यांपैकी ३४ टक्के माणसं वारलेली होती, पळणाऱ्यांपैकी १५ टक्के. मुळात धडधाकट माणसंच पळायला येतात, त्यामुळे सगळं श्रेय पळण्याला देता येणार नाही. तरीही 'चाळिशीनंतर पळाल तर संपलात' हे वाक्य या आकड्यांपुढे उभं राहत नाही.

मग गुडघे दुखतात ते कशाने? वाढलेल्या वजनाने, जुन्या दुखापतीने, मांडीच्या कमजोर स्नायूंनी आणि घाईने. गुडघ्याचा संधिवात असलेल्या जाड माणसांवर २००५ मध्ये झालेल्या अभ्यासात दिसलं, की वजन एक किलो उतरलं तर चालताना प्रत्येक पावलामागे गुडघ्यावरचा भार चार किलोने कमी होतो. तरुणपणी कबड्डीत किंवा फुटबॉलमध्ये गुडघ्याचा लिगामेंट तुटलेला असेल तर त्या माणसाने ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवूनच सुरुवात करावी. इथे मेसेजमधली भीती थोडी खरी आहे.

घाई म्हणजे काय ते व्हॅक्सिन डेपोत रोज दिसतं. नवा माणूस येतो, ढांगा टाकत सुटतो. पाऊल अंगाच्या बरंच पुढे पडतं, गुडघा ताठ, टाच जमिनीवर आपटते आणि 'धप धप' आवाज मागे वळून न पाहताही कळतो. त्याला आम्ही एवढंच सांगतो: पावलं बारीक कर आणि भरभर टाक, पाऊल कमरेच्या खाली पडू दे, आवाज कमी कर. मिनिटाला पडणारी पावलं पाच-दहा टक्क्यांनी वाढवली तरी गुडघ्यावरचा ताण लक्षात येण्याइतका उतरतो, हेही मोजून पाहिलेलं आहे. महागडे बूट घेण्याआधी हे करावं. बूट बोटांना न चावणारे आणि टाच धरून ठेवणारे असले की पुरे.

आता हृदय. मेसेजमध्ये कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार यांचं नाव आहे. २९ ऑक्टोबर २०२१ ला ते हार्ट अटॅकने गेले तेव्हा अख्खं कर्नाटक हळहळलं, आणि जिममध्ये जाणारी तरुण पोरं तपासण्यांसाठी दवाखान्यांत रांगा लावून उभी राहिली. ती भीती मी समजू शकतो. पण एका माणसाच्या मृत्यूवरून, त्याच्या तब्येतीची कागदपत्रं न पाहता, लाखो लोकांना सल्ला देणं चूक आहे, आणि त्या माणसावरही अन्याय आहे.

मोठ्या संख्येत काय दिसतं ते पाहू. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि हाफ मॅरेथॉन पळलेल्या सुमारे एक कोटी नऊ लाख सहभागींचा हिशेब २०१२ मध्ये छापून आला. हृदय बंद पडण्याचे प्रसंग ५९, म्हणजे साधारण एक लाख चौऱ्याऐंशी हजारांत एक. त्यातले ४२ दगावले. बहुतेकांना आधीपासून हृदयविकार होता: स्नायू जाड होण्याचा किंवा धमन्यांत अडथळ्याचा. वाचण्यात मोठा वाटा होता तो शेजारच्या माणसाने लगेच छाती दाबायला सुरुवात करण्याचा. म्हणून मेसेज पुढे ढकलण्यापेक्षा सीपीआर शिकून घ्या. माणूस कोसळला, हाक मारून हलत नाही, श्वास नीट नाही असं दिसलं, की एकाने १०८ ला फोन लावायचा आणि दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात आणि भराभर दाबत राहायचं, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा.

एक अभ्यास मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. १९९३ मध्ये हार्ट अटॅक आलेल्या रुग्णांना विचारलं गेलं, की आदल्या तासात दमछाक होईल असं काही केलं होतं का. जी माणसं एरवी कधीच व्यायाम करत नव्हती, त्यांचा धोका त्या तासापुरता शंभर पटींहून जास्त वाढलेला निघाला. आठवड्यातून पाच किंवा जास्त वेळा व्यायाम करणाऱ्यांचा अडीच पटींच्याही आत राहिला. एका तासाचा मूळ धोका फार छोटा असतो, त्यामुळे शंभर पट ऐकून दचकू नका. पण अर्थ स्पष्ट आहे. धोका पळण्यात नाही, एकदम पळण्यात आहे. वर्षभर दुकानात बसून राहायचं आणि मंडळाच्या वर्धापनदिनाला ईर्षेने पाच किलोमीटर पळायचं, हे खरोखर करू नये.

शुगर, बीपी, सिगारेट, घरात कमी वयात हार्ट अटॅक येऊन गेलेला माणूस, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना भेटा. पळताना छातीत दाबल्यासारखं होणं, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ येणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं, यातलं काहीही झालं तर तिथेच थांबा. 'गॅस असेल' म्हणून पुढे पळू नका.

प्राचीन ग्रीसमधल्या मॅरेथॉनच्या लढाईची बातमी घेऊन पळालेला पहिला धावपटू अथेन्सला पोचताच मेला, असंही मेसेजमध्ये लिहिलंय. ती दंतकथा आहे. त्या लढाईचा सर्वांत जवळचा इतिहासकार हिरोडोटस अथेन्स ते स्पार्टा पळालेल्या जासुदाबद्दल लिहितो, त्याच्या मरणाबद्दल नाही. मरणाची गोष्ट कित्येक शतकांनंतरच्या लेखकांकडून आलेली आहे.

मोजून मिळालेल्या ठोक्यांचं सोपं गणित आहे. ते खरं धरलं तरी पळणाराच फायद्यात राहतो. न पळणाऱ्याच्या हृदयाचे मिनिटाला ७२ ठोके पडतात असं समजा, दिवसाचे झाले १,०३,६८०. नियमित पळणाऱ्याचे ठोके बसल्या जागी ५५ पर्यंत उतरू शकतात. तो तासभर १५० च्या ठोक्याने पळाला आणि उरलेले २३ तास ५५ वर राहिला तर बेरीज ८४,९०० होते.

आता 'आपल्या मातीतलं नाही' हा मुद्दा. हा वाचून मला सगळ्यांत जास्त वाईट वाटलं, कारण तो बेळगावात फिरतोय. १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची होती, ऑलिंपिकच्या इतिहासातली सर्वांत लांब. त्या शर्यतीत भारताकडून पळालेला फडेप्पा दरेप्पा चौगुले हा बेळगावचा माणूस. २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत तो एकोणिसावा आला. त्या संघामागची हकिगतही याच मातीतली आहे. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत शेतकऱ्यांची पोरं अनवाणी पळताना दोराबजी टाटांनी पाहिली, त्यांच्या वेळा पाहून त्यांना वाटलं की ही मुलं युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास आहेत, आणि त्यांनी पुढाकार घेऊन भारताचा संघ पाठवला. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र ज्या गावात आहे, जिथे येळ्ळूर, कडोली, खानापूरची पोरं भरतीसाठी अंधार असतानाच रस्त्यावर उतरून १६०० मीटरची तयारी करतात, तिथे पळणं परदेशी कसं? चौगुल्यांचं नाव त्या पोरांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं. हा लेख वाचणाऱ्यांनी निदान घरातल्या एका मुलाला तरी ते सांगावं.

बायकांबद्दलचा दावा जुना आहे. १९२८ च्या ऑलिंपिकनंतर याच समजुतींमुळे महिलांची ८०० मीटर शर्यत बंद झाली ती १९६० पर्यंत, आणि महिलांची पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन व्हायला १९८४ उजाडलं. गर्भाशय बंधांनी आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंनी धरलेलं असतं, पळण्याने ते जागेवरून सुटत नाही. लक्ष द्यायचं ते बाळंतपणानंतर. तेव्हा हे स्नायू सैल पडलेले असतात, म्हणून बाळ झाल्यावर निदान तीन महिने तरी पळू नये असा फिजिओथेरपिस्टांचा सल्ला आहे. त्यानंतरही पळताना लघवी गळत असेल किंवा खाली ओढल्यासारखं, जड वाटत असेल तर गप्प बसून सोसू नका. त्याचे व्यायाम आहेत आणि ते उपयोगी पडतात. आमच्याकडच्या ताई हे एकमेकींना मोकळेपणाने सांगतात, आणि त्यामुळेच नव्या येणाऱ्या टिकतात.

पाण्याचा सल्ला निरुपद्रवी वाटतो, पण तो तसा नाही. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ जणांचं रक्त तपासलं, १३ टक्क्यांचं सोडियम, म्हणजे रक्तातलं मीठ, उतरलेलं निघालं. पळताना वजन वाढलेले, म्हणजे गाळलेल्या घामापेक्षा जास्त पाणी प्यालेले लोक त्यात पुढे होते. सोडियम फार उतरलं तर मेंदूला सूज येऊन जीव जाऊ शकतो. तहान लागली की प्या. बेळगावच्या सकाळच्या गारव्यात अर्धा-पाऊण तास पळायला सोबत बाटलीसुद्धा लागत नाही.

जे थांबलेत त्यांनी परत कसं यावं, ते सांगतो. आमच्याकडे वडगावचे एक काका येतात, उभं आयुष्य यंत्रमागापुढे गेलेलं. त्यांनी घड्याळ लावलंच नाही. रस्त्याकडेचे विजेचे खांब धरले. एक खांब पळायचं, दोन खांब चालायचं. दोन-तीन आठवड्यांनी एक पळायचं, एक चालायचं. मग दोन पळायचं, एक चालायचं. पळताना शेजारच्याशी पुरं वाक्य बोलता आलं पाहिजे. धाप लागून शब्द तुटले की वेग जास्त झाला, समजायचं. एक दिवस पळायचं, एक दिवस सुट्टी. सुट्टीच्या दिवशी खुर्चीवरून हात न टेकता दहा-पंधरा वेळा उठायचं-बसायचं आणि जिन्याच्या पायरीवर टाचा वर-खाली करायच्या, म्हणजे मांड्या आणि पोटऱ्या तयार होतात. पळाल्यावर थोडं दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत गेलं तर चालू ठेवा. सूज आली किंवा लंगडावं लागलं तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. राजहंसगडाचा चढ पहिले सहा महिने नको, आणि तिथून उतरताना तर अजिबात पळू नका, कारण उतारावर मांडीच्या स्नायूंना आणि गुडघ्याला सगळ्यांत जास्त सोसावं लागतं. पावसाळ्यात शेवाळलेल्या फरशीपेक्षा डांबरी रस्ता बरा.