कड दिसत नाही

लॅबने माझ्या दाताच्या कॅपचं माप परत पाठवलं. का, तर मार्जिन दिसत नाही. मार्जिन म्हणजे हिरडीलगतची ती कड, जिथे घासलेला दात संपतो. डॉक्टर म्हणाले, "तुमची हिरडी फार रक्ताळते हो." जणू मी मुद्दाम निवडून तशी आणली होती!

पुन्हा खुर्ची, पुन्हा भूल. हिरडी बाजूला सरकावी म्हणून फटीत औषधात भिजवलेला दोरा कोंबला. दोरा काढून बंदुकीने लाइट बॉडी, म्हणजे माप घ्यायचं पातळ सिलिकॉन, सोडलं, वर घट्ट पुट्टीचा ट्रे दाबला. आता पाच मिनिटं हलायचं नाही.

नेमके तेव्हाच काका उठले. कवळीसाठी आलेले, बाहेर पंखा नाही म्हणून आत येऊन बसलेले. त्यांनी माझं बाद माप उचललं आणि पेटीतला हापूस निवडावा तसं उजेडात फिरवलं.

"डॉक्टर, इथे बुडबुडा आलाय."

"हो ना."

"सिलिकॉनला ओल चालत नाही."

"अगदी बरोबर, काका!" डॉक्टर खूश.

मग काका माझ्याकडे वळले. "आमच्या वेळी गुलाबी भुकटी पाण्यात कालवायचे. समुद्री शेवाळाची. लगेच प्लास्टर ओतलं नाही तर सुकून आकसायची. बारीक कड फाटायचीच म्हणा. तंबाखू खाता का?"

माझ्या तोंडात ट्रे. मान हलवायला बंदी.

"नाही म्हणत नाहीत," काकांनी डॉक्टरांना सांगितलं, "म्हणजे खात असणार."

डॉक्टरांनी मान डोलावली!

घरी येऊन वाचलं. लाइट बॉडीत 20 मायक्रॉन रुंदीची रेघ उमटलीच पाहिजे, असं आंतरराष्ट्रीय मानक आहे. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन. पण ही परीक्षा पोलादी ठोकळ्यावर होते. ठोकळ्याला हिरडी नाही, लाळ नाही, काका तर नाहीतच. हिरडी सुजलेली असेल तर आधी ती बरी होऊ द्यावी, रक्त थांबवून मगच माप घ्यावं, हे डॉक्टरांना शिकवायला मी कोण? पण बाहेर रांग होती, आणि थांबण्याचे पैसे मिळत नाहीत. पुन्हा माप घेण्याचे मात्र मिळतात. तेही माझ्याकडून. "मटेरियल महाग असतं ना सर," निघताना काउंटरवरची मुलगी म्हणाली होती. पहिलं कुणी वाया घालवलं, हे तिला विचारून काय उपयोग?

तेवढ्यात आत चहा गेला. काकांसाठी. मला भूल उतरेपर्यंत तोही बंद.