‘टेराफ्लॉप कमी, म्हणून पोर्ट भिकार’: या दाव्यात काय चुकतं

नवा कन्सोल जाहीर झाला, किंवा एखादा मोठा गेम छोट्या कन्सोलवर येणार अशी बातमी आली, की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. त्यात चार गोष्टी ठामपणे सांगितलेल्या असतात. कन्सोलची ताकद म्हणजे त्याचे टेराफ्लॉप. टेराफ्लॉप जास्त असले की पोर्ट, म्हणजे एका यंत्रासाठी बनलेल्या गेमची दुसऱ्या यंत्रावर नेलेली आवृत्ती, चांगला होतो, कमी असले की मोठा गेम तिथे येऊच शकत नाही. आला आणि रखडत चालला, तर डेव्हलपर आळशी. आणि कमकुवत कन्सोलमुळे बाकी सगळ्यांचे गेम मागे राहतात.

लोक पन्नास-पंचावन्न हजारांची खरेदी अशा मजकुरावर विसंबून करतात. दिवसाचे बारा-बारा तास पोर्टवर घालवणाऱ्या माणसांना त्याच मजकुराच्या जोरावर शिव्या दिल्या जातात. म्हणून हे मुद्दे एकेक करून तपासायला हवेत. शेवटच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, ते तिथे मान्यही करतो.

‘टेराफ्लॉप म्हणजे ताकद’

एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी दशांश आकडेमोडी. हा आकडा कुणी गेम चालवून मोजत नाही, तो गुणाकाराने काढतात. प्लेस्टेशन ४ च्या ग्राफिक्स चिपमध्ये आकडेमोड करणारी ११५२ एककं आहेत, त्यांचा वेग ८०० मेगाहर्ट्झ आहे आणि प्रत्येक एकक एका ठोक्याला दोन क्रिया करतं. तिघांचा गुणाकार १.८४ टेराफ्लॉप. या हिशेबात मुख्य प्रोसेसर नाही, मेमरी किती आहे ते नाही, मेमरीतून डेटा किती वेगाने येतो ते नाही, साठवण संथ हार्ड डिस्कवर आहे की जलद एसएसडीवर तेही नाही.

एकाच कंपनीचे दोन कन्सोल शेजारी ठेवून बघा. २०१७ चा एक्सबॉक्स वन एक्स ६ टेराफ्लॉपचा, २०२० चा एक्सबॉक्स सिरीज एस ४ टेराफ्लॉपचा. दाव्याप्रमाणे जुना कन्सोल दीडपट ताकदवान ठरतो. पण जुलै २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर कन्सोलवर आला तो सिरीज एसवर थेट चालला. वन एक्सवाल्यांना तो नंतर मिळाला, तोही क्लाउडवरून, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर चालवून इंटरनेटवरून. वन एक्सचा प्रोसेसर जुन्या, संथ जॅग्वार पिढीचा आणि साठवण हार्ड डिस्कवर. सिरीज एसकडे नव्या पिढीचा झेन २ प्रोसेसर आणि एसएसडी. शहरं, डोंगर, हवामान सतत आत ओढत राहणाऱ्या गेमला हेच दोन भाग हवे होते.

आता उलट बाजू. एक्सबॉक्स वनचे जुने गेम सिरीज एसवर चालतात, पण वन एक्ससाठी सुधारलेल्या रूपात नाही, त्याच मालिकेतल्या साध्या वन एसच्या रूपात. कारण वन एक्सला १२ जीबी मेमरी होती आणि सिरीज एसला १० जीबीच आहे. म्हणजे एका कामात हा वरचढ, दुसऱ्या कामात तो. टेराफ्लॉपच्या आकड्यावरून यातलं काहीच आधी सांगता आलं नसतं.

नोव्हेंबर २०२० मध्ये सिरीज एक्स १२.१५ आणि प्लेस्टेशन ५ १०.२८ टेराफ्लॉप घेऊन आले. त्या वेळच्या असॅसिन्स क्रीड वल्हालामध्ये सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं, अधिक स्थिरपणे राखले ते प्लेस्टेशन ५ ने. आणखी मागे गेलं तर २००५ मध्ये सोनीने प्लेस्टेशन ३ साठी २ टेराफ्लॉप जाहीर केले होते, मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० साठी १. कागदावर दुप्पट. प्रत्यक्षात त्या पिढीत दोन्हीकडे आलेल्या कितीतरी गेमांची प्लेस्टेशन ३ वरची आवृत्ती डावी निघाली. बायोनेटाचा पोर्ट फ्रेमरेटमध्ये इतका मागे पडला की आजही त्याचं उदाहरण देतात. स्कायरिम तर सेव्ह फाइल मोठी होत गेली तसा अडखळत गेला.

कारण यंत्राच्या रचनेत होतं. प्लेस्टेशन ३ च्या सेल प्रोसेसरमध्ये एक मुख्य गाभा (कोर) आणि गेमना वापरता येण्याजोगे सहा साहाय्यक गाभे. प्रत्येक साहाय्यक गाभ्याकडे स्वतःची जेमतेम २५६ केबी मेमरी. तिथे काय न्यायचं, कधी न्यायचं, परत कधी आणायचं, हे सगळं प्रोग्रामरने हाताने लिहायचं. शिवाय ५१२ एमबी मेमरीची २५६-२५६ अशी कायमची वाटणी. एक्सबॉक्स ३६० मध्ये तेवढीच मेमरी एकत्र, हवी तिथे हवी तेवढी वापरता येणारी. ३६० वर जन्मलेला गेम दुसरीकडे नेताना तो पुन्हा नव्याने विचार करून लिहावा लागे, आणि तेवढा वेळ बहुतेक वेळा कुणी देत नसे.

‘जास्त ताकद असेल तर पोर्ट चांगला, कमी असेल तर अशक्य’

यातला पहिला अर्धा भाग एका उदाहरणावर मोडतो. जून २०१५ मध्ये बॅटमन: आर्खम नाइट आला. प्लेस्टेशन ४ वर तो छान चालला. प्लेस्टेशन ४ च्या कित्येक पट ताकदीच्या पीसींवर मात्र तो इतका अडखळला की वॉर्नर ब्रदर्सला दोन दिवसांत पीसी आवृत्तीची विक्री थांबवावी लागली. ती पुन्हा सुरू झाली ऑक्टोबरच्या अखेरीस.

दुसरा अर्धा भाग अधिक खोल आहे. कमी ताकद म्हणजे नेमकं काय कमी? ग्राफिक्सची आकडेमोड कमी पडत असेल, तर त्यावर सगळ्यात जास्त उपाय उपलब्ध असतात. ४के चित्रात सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात, ७२०पी चित्रात सुमारे सव्वानऊ लाख. सेकंदाला ६० फ्रेमांऐवजी ३० केले, तर एक फ्रेम काढायला १६.७ ऐवजी ३३.३ मिलिसेकंद मिळतात. सावल्या पुसट करा, गवत विरळ करा, दूरची झाडं सोपी करा. गेम तोच राहतो.

प्रोसेसर किंवा मेमरी कमी पडली तर असं करता येत नाही. चौकात किती माणसं फिरतात, शत्रू कसा विचार करतो, दोन खेळाडू नकाशाच्या दोन टोकांना असताना दोन्ही जागा मेमरीत मावतात की नाही, हे रिझोल्यूशन उतरवून सुटत नाही. तिथे गेमचा सांगाडाच बदलावा लागतो. म्हणजे टेराफ्लॉप ज्या एका गोष्टीचं मोजमाप आहे, तीच पोर्ट करताना सगळ्यात सहज सोसता येणारी उणीव आहे. मला या सगळ्या वादात हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि फिरणाऱ्या मजकुरात तो कधीच नसतो.

निन्टेन्डो स्विचने हे दाखवून दिलं. हातात धरण्याएवढं यंत्र, टेग्रा एक्स१ चिप, ४ जीबी मेमरी. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये पॅनिक बटन या स्टुडिओने त्यावर डूम आणला, ६० ऐवजी ३० फ्रेमांनी. ऑक्टोबर २०१९ मध्ये सेबर इंटरॅक्टिव्हने विचर ३ आणला, दोन्ही विस्तारांसह, ३२ जीबीच्या एका कार्ट्रिजवर. हातात धरून खेळताना चित्र ५४०पीच्या आसपास, पानं धूसर, चेहरे मऊ. पण नोव्हिग्राड शहर आहे, बाजारातली गर्दी आहे, एकही मोहीम कापलेली नाही.

आणि सायबरपंक २०७७. डिसेंबर २०२० मध्ये १.८४ टेराफ्लॉपच्या प्लेस्टेशन ४ वर त्याची अवस्था अशी होती की सोनीने तो आपल्या दुकानातून काढला आणि थेट जून २०२१ मध्ये परत विकायला ठेवला. ५ जून २०२५ ला तोच गेम स्विच २ वर आला. हातात धरल्यावर स्विच २ चे टेराफ्लॉप साधारण १.७, म्हणजे प्लेस्टेशन ४ पेक्षाही थोडे कमी. तरी तिथे तो नीट खेळता येतो. मधल्या काळात झालेल्या दुरुस्त्यांचा यात मोठा वाटा आहे हे खरंच. पण १२ जीबी मेमरी, हार्ड डिस्कऐवजी जलद फ्लॅश साठवण, नव्या पिढीचा प्रोसेसर आणि कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करणारं डीएलएसएस, यांतली एकही गोष्ट टेराफ्लॉपमध्ये मोजली जात नाही.

साठवणुकीमुळे पोर्ट अडण्याची गोष्ट तर त्याहून जुनी. निन्टेन्डो ६४ चा प्रोसेसर ९३.७५ मेगाहर्ट्झचा, पहिल्या प्लेस्टेशनचा सुमारे ३४ चा. तरी १९९७ चा फायनल फँटसी ७ प्लेस्टेशनवर गेला, कारण तो तीन सीडींचा होता आणि निन्टेन्डोने कार्ट्रिज, म्हणजे आपली ‘कॅसेट’, सोडली नव्हती. त्याच कार्ट्रिजवर १९९९ मध्ये एंजल स्टुडिओजने दोन सीडींचा रेसिडेंट ईव्हिल २ व्हिडिओसकट ६४ एमबीत बसवला. हे काम मला आजही थक्क करतं.

‘पोर्ट रखडला म्हणजे डेव्हलपर आळशी’

पोर्ट कोणत्या कन्सोलवर करायचा, किती माणसं लावायची, तारीख कोणती, हे पोर्ट करणारे ठरवत नाहीत. प्रकाशक ठरवतो, आणि तो गिऱ्हाईक बघतो. प्लेस्टेशन २ त्याच्या पिढीत एक्सबॉक्स आणि गेमक्यूब या दोघांपेक्षा कमजोर होता. पण तो साडेपंधरा कोटींहून जास्त विकला गेला, म्हणून सगळं त्याच्यावर आलं. गेमक्यूबसाठी बनलेला रेसिडेंट ईव्हिल ४ सुद्धा २००५ मध्येच तिथे पोचला, जागच्या जागी चालणारे कथाप्रसंग व्हिडिओ म्हणून रेकॉर्ड करून. उलट निन्टेन्डोच्या वी यूकडे प्लेस्टेशन ३ आणि ३६० पेक्षा जास्त मेमरी होती, पण तो १.३६ कोटींच्या आसपासच थांबला आणि प्रकाशक निघून गेले. स्विच खपू लागला, पुढे १५ कोटींच्याही पार गेला, आणि तेच परत आले.

हे काम आपल्यापासून फार लांबही नाही. युबिसॉफ्ट या गेम कंपनीच्या पुण्यातल्या स्टुडिओत जस्ट डान्स या नाचाच्या गेमच्या आवृत्त्या निरनिराळ्या कन्सोलवर नेण्याचं काम अनेक वर्षं झालं आहे. अशा पोर्टमध्ये चूक दिसली तर चूक म्हणा, पैसे परत मागा, तो आपला हक्क आहे. पण तिथल्या माणसांना आळशी म्हणू नका. मिळालेल्या महिन्यांत जेवढं होतं तेवढंच त्यांच्या हातात असतं.

‘कमकुवत कन्सोल सगळ्यांना मागे खेचतो’

इथे तथ्य आहे. सिरीज एक्सवरचा गेम सिरीज एसवरही त्याच सोयींसह आला पाहिजे, अशी मायक्रोसॉफ्टची अट होती. बाल्डर्स गेट ३ सप्टेंबर २०२३ मध्ये प्लेस्टेशन ५ वर आला, पण सिरीज एसवर दोघांनी एका पडद्यावर खेळायची स्प्लिट-स्क्रीन बसेना, आणि त्यापायी सिरीज एक्सवालेही डिसेंबरपर्यंत थांबले. ब्लॅक मिथ: वुकाँग प्लेस्टेशन ५ नंतर पूर्ण एक वर्षाने, ऑगस्ट २०२५ मध्ये एक्सबॉक्सवर आला. बनवणाऱ्यांनी नाव घेतलं ते सिरीज एसच्या १० जीबी मेमरीचं.

म्हणजे दोन्हीकडे अडलं ते मेमरीवर. आणि अडलं म्हणून बाकीच्यांचा गेम लहान झाला असंही नाही. सायबरपंकचा फँटम लिबर्टी हा विस्तार सप्टेंबर २०२३ मध्ये प्लेस्टेशन ४ ला वगळूनच निघाला. बाल्डर्स गेटसाठी मायक्रोसॉफ्टने अट सैल केली, गेम सिरीज एसवर स्प्लिट-स्क्रीनशिवाय आला, आणि तो बनवणाऱ्या लॅरियन स्टुडिओजने मेमरी वाचवण्याचं काम पुढे चालू ठेवलं. एप्रिल २०२५ च्या आठव्या पॅचमध्ये, म्हणजे गेमच्या सुधारणा-अपडेटमध्ये, ती सोय सिरीज एसवरही मिळाली, त्याच १० जीबीत. पण त्यासाठी त्या कन्सोलवाल्यांना सव्वा वर्षाहून जास्त थांबावं लागलं, आणि त्यांची ती तक्रार रास्त होती.