मेन्यूकार्ड छोटं करा, आणि भाकरी द्या

फॅमिली रेस्टॉरंटमधलं ते जाडजूड मेन्यूकार्ड मला आता नकोसं झालंय. पंजाबी, चायनीज, साउथ इंडियन, पावभाजी, पिझ्झा, शिवाय मागच्या पानावर ज्यूस. एवढं सगळं रोज ताजं कोण करू शकेल?

करतही नाहीत. सकाळी पातेली भरून ग्रेव्ह्या तयार होतात. कांदा-टोमॅटोची लाल, काजू-मगजबीची पांढरी, झालंच तर पालकाची हिरवी. ऑर्डर आली की त्यात उकडून ठेवलेल्या भाज्या किंवा पनीर पडतं. क्रीम घातलं की माखनवाला, तिखट वाढवलं की व्हेज कोल्हापुरी, वर पापड ठेवला की जयपुरी. कोल्हापूरच्या घरात कांदा-लसूण चटणी घालून जे कालवण शिजतं, त्याचा या लाल रश्श्याशी काडीचाही संबंध नाही. आणि पंजाबवरही हा अन्यायच. साग, राजमा, कढी खाणाऱ्या माणसांच्या नावावर आपण काय काय खपवतो!

मालकांची अडचण मला कळते. भाडं, पगार, गॅस, आणि टेबलावरचं गिऱ्हाईक दहा मिनिटांत जेवण मागतं. पण त्याला उत्तर यादी वाढवणं नाही. माटुंग्याचं रामा नायकांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ पासून चालू आहे. तिथे केळीच्या पानावर भात, सांबार, रसम, भाज्या असं ठरलेलं जेवण मिळतं आणि लोक त्यासाठी रांग लावतात. पदार्थ मोजके, म्हणून ते शिजतात आणि लगेच संपतात. फ्रिजमध्ये पडून राहायला काही उरतच नाही.

माझा खरा राग मात्र आपल्या जेवणावरून आहे. मिसळ, थालीपीठ, साबुदाणा वडा हॉटेलात मिळतो, म्हणजे मराठी माणसानं बाहेर फक्त नाश्ता करायचा. रात्री सहकुटुंब गेलं की पनीर, बटर रोटी, जिरा राइस. भरली वांगी, अळूची पातळभाजी, मेथीचं पिठलं, आमटी हे गावातल्या बहुतेक एसी हॉटेलांच्या कार्डावर नसतंच. असलंच तर 'महाराष्ट्रीयन' म्हणून एका कोपऱ्यात चार ओळी, आणि वेटर सांगतो, "आज नाही."

भाकरी अवघड आहे, हे मान्य. ज्वारीत ग्लुटेन नाही, त्यामुळे पीठ सकाळी मळून ठेवता येत नाही. त्या त्या वेळी गरम पाण्यात मळायचं, थापायचं, भाजायचं. थापणारा हात लागतो. पण तंदूरवर माणूस पगार देऊन ठेवताच ना? मग भाकरी थापणाऱ्या बाईंना तेवढाच पगार, तेवढाच मान द्या. खानदेशात हे होतंय. हिवाळ्यात जळगावकडे भरीत आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या पिठाची, भाकरी खायला लोक मुद्दाम वाट वाकडी करून जातात. तिथल्या भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे आणि शेवभाजी तर साध्या ढाब्यावरसुद्धा जोरात चालते.

आपणही मागायला हवं. मुलांना घेऊन जाल तेव्हा "पिठलं-भाकरी आहे का?" असं एकदा विचाराच. चार टेबलांवरून रोज हा प्रश्न आला तर मालक विचार करेल, तो धंदा करायलाच बसलाय.

तुमच्या गावात रात्री गरम भाकरी आणि रोज वेगळी भाजी देणारं हॉटेल असेल, तर खाली नाव आणि पत्ता लिहा. कुठल्या वारी काय मिळतं तेही सांगा.