मनगटाला तांदूळ बांधून साइड ड्रम येत नाही

परवा इंदूरला रामबागेत ताईकडे गेलो, तर भाचा दोन्ही मनगटांना जुने मोजे बांधून उशी बडवत बसला होता. मोज्यांत अर्धा-अर्धा किलो तांदूळ. बोटांची पेरं पांढरी पडलेली, उजवं मनगट सुजलेलं. "मामा, दुखतंय म्हणजे हात तयार होतोय," असं वर मलाच ऐकवलं.

हे आलं कुठून, तर 'एकवीस दिवसांत साइड ड्रम' (परेडच्या बँडमधला, दोन स्टिकनी वाजवायचा ड्रम) या मेसेजमधून. मलाही तो तिघांनी पाठवलाय. त्यातले पाच सल्ले असे: मनगटाला वजन बांधा आणि दुखण्याकडे लक्ष देऊ नका; पहिल्या दिवसापासून फुल स्पीड; मेट्रोनोम (टिकटिक करून लय धरून देणारं यंत्र) नको, त्याने अंगातली लय मरते; रूडिमेंट्स (ड्रमचे ठरलेले पायाभूत पाठ) जुनी झाली, रोल (सलग ठोक्यांची झड) आला की पुरे; सरावाच्या रबरी पॅडवर पैसे घालवू नका, उशी चालते.

पहिला सल्ला पोरांचे हात बिघडवणारा आहे, म्हणून त्याचंच आधी. ड्रमचं निम्मं काम स्टिकची उसळी करते. मागच्या टोकापासून साधारण एक तृतीयांशावर, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत स्टिक धरा आणि पॅडवर नुसती पडू द्या. ती आपणहून टप-टप-टप उसळते. डबल स्ट्रोक रोलमधला (एकेका हाताने दोन-दोन ठोके) दुसरा ठोका या उसळीतून निघतो, बोटं त्याला साथ देतात. मूठ आवळली की उसळी मेली, आणि मग तो ठोका मनगटाने ढकलावा लागतो. वजन लटकवलेला हात मूठ आवळणारच. म्हणजे जी खोड मोडायची, तीच हा पोरगा रोज दोन तास घोटत होता.

आणि दुखणं. कोपराखालचा हात जड होणं, थोडं थांबल्यावर ते उतरणं, हा थकवा, तो चालतो. सांध्यापाशी कळ, सूज, बोटांत मुंग्या, यातलं काहीही झालं तर स्टिक खाली ठेवायची. टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, सुजलं की आठवडेच्या आठवडे जातात. परेडच्या तोंडावर हे कोणाला परवडणार आहे?

स्पीड आणि रूडिमेंट्स या दोन्हींचं उत्तर एकाच कागदावर आहे. पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटी या तालवादकांच्या संघटनेने 1984 मध्ये 40 रूडिमेंट्सची यादी पक्की केली: 15 रोल, 4 पॅराडिडल, 11 फ्लॅम, 10 ड्रॅग अशा चार प्रकारांत. जगभरचे मार्चिंग ड्रमर आजही तीच घोटतात. त्या कागदावर वरच लिहिलंय की प्रत्येक रूडिमेंट संथ सुरू करून जलद न्यायचं आणि परत संथ करायचं, किंवा मार्चच्या मध्यम लयीत एकसारखं वाजवायचं. फुल स्पीडने सुरुवात करा असं कुठेही नाही. आपल्याला तर हे नवं वाटायलाच नको. थोर पखवाजवादक नाना पानशांचं गाव आहे हे इंदूर. ठाय (संथ), दुगुण, चौगुण या क्रमाने हात बसतो, हे इथल्या कुठल्याही तबल्याच्या क्लासात पहिल्याच आठवड्यात कळतं.

रोल आला की पुरे म्हणणाऱ्याने एकदा उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा हा साधा पॅराडिडल मिनिटाला साठच्या लयीत दोन मिनिटं वाजवून दाखवावा. डावा हात कुठे लंगडतो ते तिथे लगेच ऐकू येतं. वेगवान रोलमध्ये ते झाकलं जातं.

मेट्रोनोमबद्दल फार बोलत नाही. क्विक मार्चला मिनिटाला साधारण 120 पावलं पडतात आणि ती ड्रमवर पडतात. ड्रमवाला पळाला की अख्ख्या तुकडीचे पाय चुकतात.

राहिली उशी. यात थोडं तथ्य आहे, कबूल. उशीवर उसळी मिळत नाही, स्टिक स्वतः उचलावी लागते, त्यामुळे मनगटाला मेहनत होते. जाणते वादकही पाच-दहा मिनिटं तसं करतात. पण पॅडच्या जोडीला, आणि हात सैल ठेवून. पॅडला पैसे नसतील तर पाटावर जुना माऊसपॅड ठेवा. आम्ही तेच केलं.

ताईने तांदूळ डब्यात परत ओतला. सूज उतरेपर्यंत चार दिवस त्याला स्टिकला हात लावू दिला नाही, तोंडाने मोजायला लावलं. काल पहिल्यांदा त्याने स्टिक सोडून दिली आणि ती पाटावर सात वेळा उसळली. त्याने उसळ्या मोजल्या, मग डाव्या हाताने करून पाहिलं. चारच.