आत्याच्या गोळ्या बंद करणारा मेसेज

गेल्या आठवड्यात आत्याकडे गेलो, तर तिच्या गोळ्यांची पट्टी पिठाच्या डब्यामागे सापडली. नऊ दिवसांच्या गोळ्या तशाच. विचारलं तर म्हणाली, "बंद केल्या रे. ग्रुपवर आलंय, सवय लागती म्हणं."

तो मेसेज तुमच्याकडेही आला असेल. पीटीएसडी (मोठ्या आघातानंतर जडणारा मानसिक आजार) हे परदेशी खूळ आहे, आपल्या पूर्वजांनी एवढे दुष्काळ पाहिले, त्यांना कुठे असलं काही झालं? झालं ते विसरा, नामस्मरण करा, झोपेच्या गोळ्या आजच बंद करा. खाली हात जोडलेले, आणि 'पुढे पाठवा'.

आधी गोळ्यांचं बोलतो, कारण माणसाचं नुकसान तिथेच होतंय. आत्याची गोळी झोपेची नाहीच. ती सर्ट्रालीन आहे. नैराश्यावर आणि याच आजारावर ती जगभर देतात. तिचा गुण यायला काही आठवडे लागतात, तिची तलफ येत नाही. पण एकदम सोडली तर चक्कर, मळमळ, चिडचिड होऊ शकते, म्हणून डॉक्टर ती हळूहळू कमी करत आणतात. आत्याला तिसऱ्या दिवसापासून गरगरत होतं. तिला वाटलं, बघा, सवय लागलीच होती! मेसेज खोटा असूनही तिला तो असा खरा वाटला.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. झोपेसाठी, घबराटीसाठी देतात त्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची सवय लागते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१३ मध्ये सांगितलं, की आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात त्या धक्क्याच्या लक्षणांवर या गटातल्या गोळ्या देऊ नयेत. पण म्हणून चिठ्ठीवर काय लिहिलंय ते न बघता सरसकट 'बंद करा' म्हणायचं?

आता 'विसरा'. आत्या सास्तूरची. ३० सप्टेंबर १९९३, विसर्जनानंतरची पहाट, चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला, माळवद खाली आलं. तिला बाहेर काढलं, सासू गेली. तेव्हापासून ती दाराजवळ झोपते, उशाशी चप्पल आणि बॅटरी. अवजड ट्रक गेला, भांडी थरथरली, की ती अंगणात. आम्ही तीस वर्षं याला आत्याची खोड म्हणत आलो, याची मला लाज वाटते. तिने विसरायचे कमी प्रयत्न केले नाहीत. गावाचं नाव काढायचं नाही, त्या दिवसाचं बोलायचं नाही. हे टाळणं हेच आजाराचं एक लक्षण आहे, आणि त्यानेच भीती ताजी राहते. उपचारात उलट करतात. प्रशिक्षित माणसासमोर, सुरक्षित जागी, थोडं थोडं करून तीच आठवण पुन्हा उलगडायची. दोन वर्षांपूर्वी तिचे हे उपचार सुरू झाले. सासूचं नाव तिने आमच्यासमोर पहिल्यांदा घेतलं ते त्यानंतर.

परदेशी खूळ? नाव परदेशी आहे, १९८० मध्ये अमेरिकेतल्या मनोविकारांच्या यादीत आलं, व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांमुळे. पण नाव नव्हतं म्हणून आजार नव्हता का? किल्लारी भूकंपातून वाचलेल्यांची तपासणी झाली, १९९६ मध्ये ती प्रसिद्ध झाली. पाहणी लहान होती, तरी निम्म्याहून जास्त जणांत मानसिक आजार दिसले. त्यात मुख्य पीटीएसडी आणि नैराश्य. ही माणसं आपल्याच मातीतली होती.

नामस्मरणाला कोण नाही म्हणतंय? आत्याचा हरिपाठ एक दिवस चुकत नाही. बरेच जण वर्षभरात सावरतात हेही खरं. जे सावरत नाहीत, त्यांनी काय करायचं, ते मेसेजमध्ये नाही. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत नंबर आहे, मराठीतही बोलतात. पुढे पाठवायचंच असेल तर तो पाठवा.

डॉक्टरांना फोन करून त्यांच्या सांगण्याप्रमाणे आत्याची गोळी परत सुरू केली. मेसेज तिला ज्या काकांकडून आला, त्यांना हे सगळं त्याच ग्रुपवर लिहून पाठवलंय.