सिक्वेल काढायचाय? आधी एक मरण उसनं आणा

अंतराळातल्या जुन्या मालिकेवर काढलेला तुमचा सिनेमा चालला आणि आता दुसरा भाग तुमच्या गळ्यात पडलाय. अभिनंदन. घाबरण्यासारखं काही नाही. पहिल्या भागाला कथा लागते, माणसांची ओळख करून द्यावी लागते, कोण कुणावर का चिडतो हे दाखवण्यात निम्मा वेळ जातो. दुसऱ्या भागाला यातलं काहीच लागत नाही. तीस वर्षांपूर्वी कुणीतरी प्रेक्षकांना रडवून ठेवलेलं असतं. तुम्ही फक्त ते रडणं आपल्या नावावर करून घ्यायचं.

उदाहरणादाखल 'स्टार ट्रेक'चं घराणं घेऊ, कारण या धंद्यातला त्यांचा अनुभव दांडगा आहे. मूळ मालिका १९६६ ते १९६९ या काळात अमेरिकेत दाखवली गेली. तीन सीझन, ७९ भाग. पैसे इतके बेताचे की दर आठवड्याला जहाज नव्या ग्रहावर उतरवून दाखवणं परवडेना. त्यातून माणसांना चमचम करत इथे विरघळवून तिथे उभं करणारं यंत्र निघालं. तुम्ही मात्र अशी गरिबी अंगाला लावून घेऊ नका. हात आखडता असला की माणसाला युक्त्या सुचायला लागतात आणि युक्त्यांची सवय लागली की पटकथा सुधारण्याचा धोका असतो.

आता न करण्याच्या गोष्टी पाहू. १९७९ साली या मालिकेवरचा पहिला सिनेमा आला. दिग्दर्शक रॉबर्ट वाइज, खर्च साडेचार कोटी डॉलरच्या आसपास. त्यात कप्तान कर्क गोदीत उभ्या असलेल्या आपल्या एंटरप्राइज जहाजाभोवती एक प्रदक्षिणा घालतो आणि ती प्रदक्षिणा काही केल्या संपत नाही. धंदा बरा झाला, पण खर्चाचा आकडा पाहून स्टुडिओने दुसरा भाग हार्व बेनेट नावाच्या टीव्हीतल्या निर्मात्याकडे सोपवला. बेनेटला ही मालिका फारशी ठाऊक नव्हती. तेव्हा त्याने काय करावं? सगळेच्या सगळे भाग बसून पाहिले! त्यातला १९६७ सालचा एक भाग त्याच्या मनात राहिला. खान नूनियन सिंग नावाचा, जनुकं सुधारून घडवलेला हुकूमशहा शेकडो वर्षांच्या गोठलेल्या झोपेतून उठतो, जहाज बळकवायला बघतो आणि शेवटी कर्क त्याला साथीदारांसह एका ओसाड ग्रहावर सोडून देतो. सोडून दिलेल्या त्या माणसाचं पुढे काय झालं? बेनेटने नेमकं एवढंच विचारलं. असले प्रश्न विचारू नका. विचारले की उत्तर द्यावं लागतं.

या दुसऱ्या भागाचा, म्हणजे १९८२च्या सिनेमाचा, दिग्दर्शक निकोलस मेयर. त्याचाही 'स्टार ट्रेक'शी काही संबंध नव्हता. पटकथेचे पाच वेगवेगळे मसुदे समोर असताना त्याने त्यातलं चांगलं तेवढं वेचून बारा दिवसांत नवी पटकथा लिहून काढली आणि त्यावर नावही लावलं नाही. खर्च पहिल्या सिनेमाच्या साधारण पाव हिश्शात बसवला. गोदीतल्या जहाजाची दृश्यं पहिल्या सिनेमातून उचलली, शत्रूचं जहाज आतून दाखवायला एंटरप्राइजचाच सेट फिरवून घेतला. कर्क आणि खान तर अख्ख्या सिनेमात एकदाही समोरासमोर येत नाहीत. जे काही वैर आहे ते पडद्यावरून पडद्यावर. तुमच्या सिनेमात ही कंजुषी चालायची नाही. तुमच्या नायकाने आणि खलनायकाने एकमेकांना हातांनी बुकललंच पाहिजे, शक्यतो उडत्या वाहनाच्या टपावर.

आणखी एक घातक गोष्ट त्या १९८२च्या सिनेमात आहे, ती म्हणजे चष्मा. कर्कचा वाढदिवस असतो, डॉक्टर मॅकॉय त्याला वाचायचा चष्मा भेट देतो. पुढे खान जहाजाचा पार खुळखुळा करून टाकतो, शरण यायला मोजून काही क्षण देतो आणि त्या धांदलीत कर्कला पडद्यावरचे आकडे वाचायचे असतात. शत्रूच्या जहाजाचं कवच दुरूनच खाली पाडणारा पाच अंकी संकेत. विश्वाचा नायक खिसे चाचपतो, चष्मा काढतो, नाकावर अडकवतो, मग वाचतो. वय झालंय, हे सांगायला एक संवाद लागत नाही. आता सांगा, खेळण्यांच्या दुकानात चष्मेवाला बाहुला कोण घेईल? तेव्हा तुमचे नायक पंचविशीचेच ठेवा. म्हातारपण, पश्चात्ताप, जुनं प्रकरण अंगाशी येणं वगैरे भानगडी नकोत.

(जाता जाता एक कबूल करायला हवं, चूक त्याही सिनेमात आहे. खान कर्कच्या चेकॉव्ह नावाच्या अधिकाऱ्याला बघताक्षणी ओळखतो. १९६७च्या त्या भागात चेकॉव्ह नव्हताच, ते पात्र मालिकेत नंतर आलं. पण सिनेमा रंगला की प्रेक्षक असल्या चुका पोटात घालतो. तुम्हाला ही सवलत मिळणार नाही, म्हणून चुका करायच्या तर दणदणीत करा.)

आता ते मरण. सिनेमाच्या शेवटी जहाज वाचवायला कर्कचा जिवलग मित्र आणि सहकारी स्पॉक किरणोत्सर्गाने भरलेल्या खोलीत शिरतो. काम होतं, पण तो वाचणार नसतो. कर्क धावत येतो, मधे काच असते. त्या वेळी स्पॉक उठून उभा राहतो आणि वळण्याआधी डगला खाली ओढून नीटनेटका करतो. डोळ्यांना दिसेनासं झालंय, चालताना काचेवर आपटतो, पण डगला मात्र नीट. मग दोन हात काचेला दोन बाजूंनी टेकतात. पंधरा वर्षं प्रेक्षकांनी या दोघांना एकत्र पाहिलेलं होतं. ती पंधरा वर्षं त्या काचेत उभी होती.

म्हणजे भांडवल तयार आहे. व्याजासकट उचला.

२०१३च्या 'इनटू डार्कनेस'ने ते कसं उचललं, हे अभ्यासायला हवं. जे. जे. एब्रम्स यांनी २००९ साली जुनी पात्रं तरुण करून नवा डाव मांडला होता. हा त्याचा दुसरा भाग. या डावात कर्क आणि स्पॉकची ओळख होऊन जेमतेम वर्ष झालंय, तेही बरंचसं भांडणात. हरकत नाही. तेच यंत्र, तीच काच, तेच हात. फक्त आत कर्क आणि बाहेर स्पॉक. अदलाबदल केली की उचलेगिरीला आदरांजली म्हणता येतं. १९८२ला कर्कने खानच्या नावाने फोडलेली आरोळीही फुकट कशाला घालवायची? ती स्पॉकच्या तोंडी द्या. भावना आवरणं हाच ज्याचा धर्म, तो किंचाळला की थिएटरात काहीतरी नक्की होतं. काही जण हसतात. हसू द्या, तिकीट काढूनच हसताहेत.

मरणानंतर काय, यातही जुन्यांचं ऐकू नका. स्पॉकला परत आणायला त्यांना १९८४ साली एक अख्खा सिनेमा खर्ची घालावा लागला. त्यात कर्कने मुलगा गमावला आणि एंटरप्राइज स्वतःच्या हाताने उडवून दिलं. मित्र परत मिळाला, पण किंमत चुकती करून. किती हा द्राविडी प्राणायाम! तुमचा खलनायक पुन्हा तोच खान, आणि तुमच्याकडे त्याचं मेलेल्याला उठवणारं रक्त आहे. एका मेलेल्या केसाळ प्राण्याला टोचलं, प्राणी हलला. लगेच कप्तानाला टोचा. प्रेक्षकाने रुमाल काढेपर्यंत कर्क पलंगावर उठून विनोद करतोय, असा वेग हवा. यामुळे मृत्यू हा प्रश्नच त्या विश्वातून कायमचा निकालात निघतो, हे पुढच्या भागांच्या लेखकांना नंतर कळवता येईल.

इथे एक कलाकुसर आहे, ती बारकाईने बघा. रक्तासाठी खान जिवंतच पकडायला हवा, म्हणून स्पॉक त्याच्या मागे शहरभर पळतो. इकडे मॅकॉयला मेलेल्या कर्कला गोठवून ठेवायला पेटी हवी असते. जहाजावर खानचेच बहात्तर साथीदार पेट्यांमध्ये गोठून पडलेले असतात, सगळे त्याच्याच जातकुळीचे. मॅकॉय त्यातल्या एकाला बाहेर काढायला लावतो, त्याला झोपवून ठेवतो आणि कर्कला त्या पेटीत घालतो. ज्याच्या दंडात सुई टोचली की काम झालं असतं, तो माणूस टेबलावर पडलाय आणि पाठलाग चालू आहे! असा प्रसंग लिहायला धैर्य लागतं. पटकथेवर तीन जणांची नावं आहेत, म्हणजे ते धैर्य सामुदायिक असणार.

विज्ञानाचं काय, असं कुणीतरी विचारेल. त्याला ज्वालामुखी दाखवा. सुरुवातीलाच स्पॉक पेटत्या ज्वालामुखीत 'कोल्ड फ्यूजन'चं यंत्र घेऊन उतरतो आणि लाव्हा गोठवून टाकतो. कोल्ड फ्यूजन म्हणजे अणूंची केंद्रकं साध्या तापमानाला जोडून ऊर्जा मिळवण्याची कल्पना; ती कधी साधलीच तर त्यातून उष्णता निघेल, त्यासाठीच तर लोक त्याच्या मागे लागले होते. पण नावात गारवा आहे ना, मग झालं. त्याच वेळी तारे पालथे घालणारं जहाज समुद्राच्या तळाशी दडवून ठेवा. का, याला उत्तर नाही, पण पाण्यातून वर येताना फार झकास दिसतं. आक्षेप येणारच, म्हणून अभियंता स्कॉटीच्या तोंडी टाका की हा शुद्ध मूर्खपणा आहे. पात्रच तसं म्हणालं की प्रेक्षकाचं तोंड बंद.

गुरुत्वाकर्षणालाही शिस्त लावा. जखमी एंटरप्राइज चंद्राच्या आसपासून जे कोसळतं ते काही मिनिटांत पृथ्वीच्या ढगांत. चंद्राइतक्या अंतरावरून नुसती सोडून दिलेली वस्तू पृथ्वीवर पोचायला जवळजवळ पाच दिवस घेते. निम्म्या अंतरावरून सोडली तरी दीड दिवसाहून जास्त. एवढा वेळ प्रेक्षकाला बसवून ठेवायचं तर मध्यंतरं किती द्यावी लागतील? आणि अंतर या कटकटीचाच एकदा निकाल लावायचा असेल तर खानला खांद्यावर नेण्याजोगं यंत्र द्या. पृथ्वीवर बटण दाबलं की माणूस थेट क्लिंगॉन नावाच्या शत्रूंच्या दूरच्या ग्रहावर. कर्क तिकडच्या हद्दीतून सॅन फ्रान्सिस्कोच्या बारमध्ये बसलेल्या स्कॉटीशी बोलतो, तेही स्वच्छ आवाजात. मग जहाजं कशाला बांधायची? फोडायला.

आता गुप्तता. तुमचा खलनायक खान आहे हे कुणालाही सांगू नका. खान करणाऱ्या बेनेडिक्ट कंबरबॅचला 'जॉन हॅरिसन' म्हणा आणि प्रत्येक मुलाखतीत भुवया न हलवता नाही म्हणा. दरम्यान जपानसाठीच्या ट्रेलरमध्ये काचेवर टेकलेले दोन हात दाखवा, म्हणजे ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. खरी गंमत सिनेमात आहे. कैदेतला हॅरिसन घसा खाकरून जाहीर करतो, माझं नाव खान. जुन्या प्रेक्षकाला हे महिनोन्‌महिने ठाऊक असतं. नव्या प्रेक्षकाला हे नाव कधीच ऐकलेलं नसतं. आणि समोर उभ्या कर्कलाही त्याचा काही अर्थ लागत नाही, कारण त्याच्या आयुष्यात तो भाग अजून घडलेलाच नाही. तिघांपैकी एकालाही धक्का बसत नाही. असं रहस्य जगाच्या पाठीवर शोधून सापडणार नाही.

मग हा खान भयंकर आहे हे कळणार कसं? त्याच्या करणीतून दाखवायला वेळ जातो. त्यापेक्षा फोन लावा. तरुण स्पॉक म्हाताऱ्या स्पॉकला, म्हणजे जुन्या काळातून या नव्या डावात येऊन पडलेल्या मूळ स्पॉकला, लिओनार्ड निमॉय यांना, पडद्यावर बोलावून विचारतो की तुमची या खानशी कधी गाठ पडली होती का. म्हातारा आधी बजावतो, तुमचं भविष्य बदलेल असं काही सांगायचं नाही अशी मी शपथ घेतली आहे. आणि पुढच्याच वाक्यात सांगून टाकतो. ज्या सिनेमातून उसनवारी करायची त्यातल्याच नटाकडून उसनवारीची पावती घेणं, याला म्हणतात व्यवहार.

ऐन लढाईच्या तयारीत बाईला अंतर्वस्त्रांत उभी करायचा मोह होईल. करा. ती शस्त्रांची तज्ज्ञ असली, डॉक्टरेट असली तरी कपडे बदलायला तिला नेमका तोच क्षण सापडतो.

प्रदर्शनानंतर माफीचं वेळापत्रक आखून ठेवा. एकदम मागू नका, पुरवून पुरवून मागा. अंतर्वस्त्रांच्या प्रसंगाबद्दल लेखक डेमन लिंडेलॉफ यांनी दिलगिरी व्यक्त केली. पडद्यावर जिथे तिथे चमकणाऱ्या प्रकाशाच्या तिरिपींबद्दल एब्रम्स यांनी माफी मागितली. खानचं नाव आधीच सांगितलं असतं तर बरं झालं असतं, हेही ते त्याच वर्षी बोलून गेले. त्या वर्षी लास वेगासच्या संमेलनात निष्ठावंत चाहत्यांनी सगळ्या 'स्टार ट्रेक' सिनेमांची प्रतवारी लावली आणि याला तळाला टाकलं. याच सिनेमाने जगभरात तब्बल ४६ कोटी डॉलरांहून जास्त गल्ला जमवला, या घराण्यातल्या इतर कुठल्याही सिनेमापेक्षा जास्त. चाहते शिव्या द्यायला दोनदा जाऊन आले असावेत, अशी माझी समजूत आहे.

१९८६चा चौथा भाग आठवून कुणी तुमचं डोकं खाईल. त्यात खलनायक नाही, कुणी मरत नाही, सगळे मिळून भूतकाळातून देवमाशांची एक जोडी घेऊन येतात आणि लोक खुशीत घरी जातात. त्या माणसाला बैठकीतून बाहेर काढा. त्याला पटकथा लिहिता येत असेल तर लवकर काढा.

तिसऱ्या भागाची चिंता आत्ताच नको. उसनं आणण्याजोगं मरण शिल्लक नसलं तर जहाज असतंच. २०१६ साली एंटरप्राइज पूर्वार्धातच फोडलं आणि शेवटाला नवं बांधून दिलं. तुम्हीही बांधून ठेवा. पुढच्या भागात फोडायला हाताशी असलेलं बरं.